एसयूव्हीचे गचके : दोष सस्पेन्शनचा की रिमचा?

‘नवी एसयूव्ही घेतली, पण आधीच्या छोट्या गाडीपेक्षा जास्त आदळते. सस्पेन्शनमध्ये दोष असेल का?’ या आशयाची पत्रं थांबायचं नाव घेत नाहीत. सर्व्हिस सेंटरने गाडी तपासून ‘सगळं नॉर्मल आहे’ म्हणून परत दिलेली असते आणि बऱ्याचदा ते खरंही असतं. गाडी निवडताना चाकांकडे फक्त शोभेची वस्तू म्हणून पाहिलेलं असतं, त्याचे हे परिणाम. उरलेल्या पत्रांत टायरवाल्याने, मित्राने किंवा कुठल्याशा व्हिडिओने सांगितलेलं एखादं वाक्य असतं आणि ‘हे खरं का?’ असं विचारलेलं असतं. म्हणून या वेळी चाकांचेच प्रश्न घेतले आहेत. उत्तरं सर्वसाधारण आहेत. तुमच्या गाडीपुरता शेवटचा शब्द ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवरचं स्टिकर आणि गाडीबरोबर आलेलं मॅन्युअल यांचा.

प्रश्न : एकाच एसयूव्हीच्या खालच्या व्हेरिअंटला १७ इंची आणि वरच्याला २० इंची चाकं आहेत. सेल्समन म्हणतो, मोठं चाक खड्ड्यावरून सहज जातं, त्यामुळे वरचं व्हेरिअंट जास्त आरामदायी. हे बरोबर आहे का?

अर्धं बरोबर आहे आणि फसवणूक त्या अर्ध्यातच आहे. खड्ड्यात कमी शिरतं आणि उंचवट्यावर सहज चढतं ते बाहेरून मोठं असलेलं चाक, म्हणजे टायरसकट ज्याचा व्यास मोठा आहे ते. तुमच्या दोन व्हेरिअंटमध्ये तो व्यास जवळजवळ सारखाच असणार, कारण चाकाच्या कमानीत जागा तेवढीच आहे.

टायरवरचे आकडे वाचायला शिका, सेल्समनची गरज उरणार नाही. समजा, खालच्या व्हेरिअंटला २२५/६५ आर १७ टायर आहे. रुंदी २२५ मिलिमीटर, साइडवॉलची, म्हणजे रिमपासून रस्त्यापर्यंतच्या टायरच्या बाजूच्या भिंतीची, उंची त्या रुंदीच्या ६५ टक्के, म्हणजे साधारण १४६ मिलिमीटर, आणि रिम १७ इंचांचं. एकूण व्यास ७२४ मिलिमीटर. वरच्या व्हेरिअंटला २४५/४५ आर २० असेल, तर साइडवॉल ११० मिलिमीटर आणि एकूण व्यास ७२८. दोन्ही चाकं शेजारी उभी केली तर उंचीत फरक चार मिलिमीटरचा. आत मात्र रस्ता आणि धातू यांच्यामधली हवा-रबराची उंची ३६ मिलिमीटरने, म्हणजे जवळजवळ चौथ्या हिश्शाने घटली. ती जागा रिमने खाल्ली.

दुसरी गोष्ट वजनाची. रिम मोठं झालं की चाक बहुधा जड होतं. अलॉय म्हणजे हलकं, हा समज सोडून द्या. मोठं, नक्षीदार अलॉय लहान लोखंडी रिमपेक्षा जड भरू शकतं. शिवाय हे वजन स्प्रिंगच्या खालचं आहे. स्प्रिंगच्या वरचा भाग, म्हणजे तुम्ही बसलेली बॉडी, सेकंदाला एक-दीड वेळा सावकाश डोलते. स्प्रिंगच्या खालचा भाग, म्हणजे चाक, हब आणि ब्रेक, सेकंदाला दहा-पंधरा वेळा थरथरतो. लांबलचक उंचसखल रस्त्यावर बॉडीचं डोलणं जाणवतं आणि ते सस्पेन्शन छान सांभाळतं. खड्ड्याची तुटकी कडा, काँक्रीटचे सांधे, रंबलर हे मात्र इतक्या झटक्यात येतात की शॉकअप हलायच्या आधी टायरनेच धक्का पोटात घ्यायला हवा. पातळ साइडवॉलकडे तेवढं पोटच नसतं. मग जड चाक वर उसळतं आणि त्याला आवरण्याचं काम शॉकअपवर पडतं.

टेस्ट ड्राइव्हला बऱ्याचदा वरचंच व्हेरिअंट देतात आणि गुळगुळीत रस्त्यावरून फिरवून आणतात. दोन्ही व्हेरिअंट मागा. एकाच खराब रस्त्यावर, २०-३० च्या वेगाने, एकदा पुढे आणि एकदा मागे बसून बघा. त्याआधी दोन्हींच्या टायरची हवा स्वतः मोजून घ्या. शोरूममधल्या गाड्यांत हवा काय असेल याचा नेम नसतो.

प्रश्न : नायट्रोजन भरल्याने गाडी मऊ चालते का?

नाही. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो.

प्रश्न : टायर थोडा रुंद घेतला तर आराम वाढेल का?

रुंदीने आराम वाढत नाही. उलट पाणी साचलेल्या रस्त्यावर रुंद टायर लवकर तरंगतो.

प्रश्न : माझ्या गाडीला १७ इंची चाकं आहेत. अलॉय विकणारा म्हणतो, २० इंची बसवली तरी ‘बाहेरचा व्यास तोच राहतो, त्यामुळे काहीही बदलत नाही’. हा नियम आहे का?

व्यास तोच राहिला की स्पीडोमीटर आणि एबीएस यांची गणितं फारशी बिघडत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ. ‘काहीही बदलत नाही’ हे त्याने पदरचं घातलं.

आराम कसा बदलतो ते वर सांगितलं. आता तो जे सांगत नाही ते. टायरवर मापानंतर एक आकडा आणि एक अक्षर असतं, उदाहरणार्थ १०२ एच. १०२ हा लोड इंडेक्स आहे, म्हणजे तो टायर ८५० किलो पेलतो. एच म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंतचा वेग. त्याच व्यासाचा पातळ टायर ९९ चा आला, तर तो ७७५ किलो पेलतो. एका टायरमागे ७५ किलो, चारांत मिळून ३०० किलोची ताकद तुम्ही चकाकीसाठी सोडून दिली. भरलेल्या एसयूव्हीत हा फरक कागदावरचा राहत नाही.

‘मग एक्सएल टायर घ्या, त्याचा इंडेक्स १०३ आहे’ असं तो म्हणेल. म्हणेलच. एक्सएल टायर जास्त भार पेलतो हे खरं, पण त्यासाठी त्याला जास्त हवा लागते. साध्या टायरची पूर्ण क्षमता सुमारे ३६ पीएसआयला (हवेचा दाब मोजण्याचं एकक) मोजतात, एक्सएलची ४२ ला. म्हणजे आधीच पातळ झालेल्या टायरमध्ये पूर्वीपेक्षा जास्त दाब. गचक्यांची तक्रार घेऊन पुन्हा मलाच लिहाल.

रिमचा ऑफसेट, म्हणजे गाडीला जोडणारी त्याची बाजू मध्यापासून किती सरकलेली आहे ते माप, चुकला तर चाक बाहेर किंवा आत सरकतं, मग स्टिअरिंग ओढ घेतं, बेअरिंगवर वेडावाकडा ताण येतो आणि पूर्ण वळणावर टायर आतल्या अस्तराला घासतो. स्पेसर, म्हणजे रिमच्या मागे घालायची चकती, लावून ‘अ‍ॅडजस्ट करून देतो’ असं कोणी म्हणालं तर चावी घेऊन निघा. तुमच्या मॉडेलसाठी उत्पादकाने मंजूर केलेल्या मापांची यादी मॅन्युअलमध्ये असते. त्यात २० नसेल तर विषय संपला. असेल तरी बसवण्यापूर्वी अधिकृत सर्व्हिस सेंटर आणि विमा कंपनी या दोघांकडून लेखी विचारून घ्या.

प्रश्न : टायर बदलल्यापासून साधारण ९० च्या वेगाला स्टिअरिंग थरथरतं. टायर कडक आहेत का?

बॅलन्सिंग नीट झालेलं नाही. ज्याने टायर बसवले त्याच्याकडेच परत जा. बॅलन्सिंग करूनही थरथर राहिली तर रिम वाकलं आहे का ते फिरवून दाखवायला सांगा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर ते अलाइनमेंट, त्याचा या थरथरीशी संबंध नाही.

प्रश्न : २० इंची चाकं बसवल्यापासून गाडी फार आदळायची. मित्राच्या सल्ल्याने हवा ३५ वरून २७ पीएसआयवर आणली. आता गाडी छान मऊ चालते, टीपीएमएसचा (टायरमधली हवा कमी झाल्याची सूचना देणाऱ्या यंत्रणेचा) दिवाही लागत नाही. पुढच्या आठवड्यात सहा जण आणि सामान घेऊन लांबचा प्रवास आहे. काही विशेष काळजी घ्यावी का?

आधी हवा भरून या, मग पुढचं वाचा.

हा प्रश्न मी मुद्दाम पूर्ण छापला आहे, कारण यात तीन गैरसमज एकावर एक रचलेले आहेत. मोठं रिम घ्यायचं, त्याने गेलेला आराम हवा कमी करून परत आणायचा आणि दिवा लागला नाही म्हणजे सगळं ठीक मानायचं. असं करणारे तुम्ही एकटे नाही, आणि माझी खरी झोप उडवणारं प्रकरण हेच आहे.

गाडीचं वजन प्रामुख्याने आतली हवा पेलते. टायर हे त्या हवेचं भांडं. दाब कमी केला की तेच वजन पेलण्यासाठी साइडवॉलला जास्त वाकावं लागतं, आणि ती एकदाच वाकत नाही. तुमच्या चाकाचा घेर साधारण २.३ मीटर आहे. ताशी १०० च्या वेगाला ते सेकंदाला सुमारे बारा फेऱ्या मारतं. प्रत्येक फेरीत साइडवॉलचा प्रत्येक भाग एकदा दुमडून सुटतो. या दुमडण्याची उष्णता होते. तास-दोन तास, पूर्ण भार, तापलेला रस्ता, आणि रबर व स्टीलच्या पट्ट्यांमधला जोड सैल पडू लागतो. बाहेरून टायर चांगला दिसत असतो. मग एका क्षणी वरचा थर सुटतो. एसयूव्हीचा गुरुत्वमध्य उंच असतो, त्यामुळे वेगात टायर असा गेला आणि चालकाने घाबरून स्टिअरिंग ओढलं, तर गाडी उलटण्याचा धोका बसक्या गाडीपेक्षा जास्त.

हे पुस्तकी वाटत असेल तर २००० साल आठवा. फोर्ड एक्स्प्लोरर या एसयूव्हीवरचे फायरस्टोनचे टायर थर सुटून फाटत होते, गाड्या उलटत होत्या, माणसं मरत होती. ऑगस्टमध्ये फायरस्टोनने सुमारे ६५ लाख टायर परत बोलावले. टायरच्या बांधणीत दोष होता, हे अमेरिकी सरकारच्या तपासात निघालं. पण हवेवरूनही दोन्ही कंपन्यांत मोठं भांडण झालं. फोर्डची शिफारस २६ पीएसआयची होती आणि ३० हवी, असं फायरस्टोनचं म्हणणं पडलं. चार पीएसआयवरून दोन कंपन्या भांडल्या. तुम्ही आठ कमी केली आहे, तीही मित्राच्या सांगण्यावरून.

टीपीएमएसची अमेरिकेतली सक्ती याच प्रकरणानंतरच्या कायद्यातून आली. तिथल्या नियमानुसार शिफारशीपेक्षा हवा २५ टक्क्यांनी कमी झाली की दिवा लागायला हवा. ३५ च्या २५ टक्के कमी म्हणजे सव्वीस आणि थोडं. तुम्ही २७ वर आहात, म्हणून दिवा गप्प आहे. शेवटची धोक्याची घंटा म्हणून तो बसवला आहे, हवा बरोबर असल्याचं प्रमाणपत्र तो देत नाही. काही गाड्यांत तर दाब थेट मोजतच नाहीत, चाकांच्या फिरण्यावरून अंदाज बांधतात. अशा गाडीत हवा कमी केल्यावर कोणी रीसेटचं बटण दाबलं असेल, तर यंत्रणेने ती कमी हवाच बरोबर मानून घेतलेली असते.

आणि ज्या खड्ड्यांसाठी हे केलं ते खड्डे आहेतच. पातळ साइडवॉल आणि कमी हवा असली की खड्ड्याच्या कडेला टायर रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिमटतो. टायरच्या आतले धागे तुटतात किंवा रिम वाकतं, कधी दोन्ही.

दरवाजाच्या चौकटीवरच्या स्टिकरवर बहुतेक वेळा दाबाचे दोन संच असतात, नेहमीच्या भारासाठी एक आणि पूर्ण भारासाठी दुसरा. सहा जण आणि सामान म्हणजे दुसरा, आणि मागच्या टायरची हवा त्यात बहुधा जास्त सांगितलेली असते. पण ते स्टिकर कंपनीच्या मूळ मापाच्या चाकांसाठी आहे. तुमची चाकं बाहेरून बसवलेली असतील तर नव्या टायरचा लोड इंडेक्स पाहून दाब किती हवा, हे टायर उत्पादकाच्या तंत्रज्ञाला विचारावं लागेल. अलॉय विकणाऱ्याला विचारू नका. साइडवॉलवर छापलेला कमाल दाब ही मर्यादा असते, तेवढी हवा भरायची नसते. हवा मोजायची ती सकाळी, गाडी चालवण्यापूर्वी. चालून तापलेल्या टायरमध्ये दाब चार-पाच पीएसआयने वाढलेला दिसतो, तो पाहून हवा काढू नका. बाहेरचं तापमान १० अंशांनी उतरलं तर दाब दीड-दोन पीएसआयने आपोआप उतरतो, म्हणून हवामान बदललं की पुन्हा मोजा.

एक काम प्रवासाच्या आधी करायचंच आहे. इतके दिवस कमी हवेवर चाललेले चारही टायर रिमवरून उतरवून आतून तपासून घ्या. आत काळी भुकटी सापडली किंवा साइडवॉलच्या आत गोल सुरकुती दिसली, तर तो टायर बाद. बाहेरून बघून ‘चालेल’ म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

वाळूत किंवा दगडधोंड्यांत हवा कमी करतात, हे मला माहीत आहे. ते अगदी कमी वेगाने, थोड्या अंतरासाठी असतं, आणि डांबरी रस्त्यावर येण्यापूर्वी हवा परत भरतात.

हवा भरलेल्या टायरचा जन्मच आरामासाठी झाला. घोडागाड्यांच्या चाकांसाठी रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्ये तसं पेटंट घेतलं होतं. पुढे जॉन डनलपने मुलाची तीनचाकी सायकल खडबडीत रस्त्यावर आदळू नये म्हणून तीच खटपट केली आणि १८८८ मध्ये पेटंट मिळवलं. आराम हवाच, पण तो पुरेशा दाबाच्या, पुरेशा उंच हवेतून मिळतो. तुम्ही उंची विकून टाकली आणि आता दाब विकता आहात. जुनी १७ इंची चाकं अजून घरात असतील तर या प्रवासाला तीच लावा.

याची उलट बाजूही सांगतो. काही ठिकाणी कुठलीही गाडी आली की डोळे मिटून ४० पीएसआय मारतात. ‘सस्पेन्शन खराब’ म्हणून येणाऱ्या बऱ्याच गाड्यांचं दुखणं एवढंच असतं. स्वतःचा गेज घ्या.

प्रश्न : साइडवॉलवर लिंबाएवढा फुगा आला आहे. हवा जात नाही. महिनाअखेरपर्यंत चालेल का?

नाही. आतले धागे तुटले आहेत. आजच स्टेपनी लावा आणि टायर बदला. याला पंक्चरसारखा पॅच नसतो.

प्रश्न : माझ्या गाडीला कंपनीनेच १९ इंची चाकं दिली आहेत. आरामासाठी १७ इंची बसवायचा विचार आहे. सगळे हसतात. शक्य आहे का?

हसू द्या. पन्नास जण उलटा प्रश्न विचारतात तेव्हा असा एखादा येतो. आरामासाठी रिम लहान करणं हा सरळ आणि खात्रीचा उपाय आहे. खराब रस्त्यावर फरक पहिल्याच दिवशी जाणवेल, आणि त्या मापाचे टायर सहसा स्वस्तही पडतात. वळणावर स्टिअरिंगचा प्रतिसाद थोडा मंद वाटेल, कारण उंच साइडवॉल आधी किंचित झुकते. सर्किटवर गाडी पळवायची नसेल तर त्याचं काही वाटू नये.

अडचण ब्रेकची असते. तुमच्याच इंजिनचं, तेवढ्याच ब्रेकचं खालचं व्हेरिअंट १७ इंची चाकांवर विकलं जात असेल तर मार्ग बहुधा मोकळा आहे. वरच्या व्हेरिअंटला मोठ्या डिस्क दिल्या असतील तर १७ इंची रिम ब्रेकच्या कॅलिपरवर घासेल किंवा बसणारच नाही. त्याच मॉडेलची, कंपनीची मूळ चाकं शोधा, म्हणजे ऑफसेट आणि हबच्या भोकाचं माप जुळवत बसावं लागणार नाही. लोड इंडेक्स मूळ टायरइतका किंवा जास्तच हवा. आणि हो, एक रिम आधी नुसतं लावून, चाक हाताने पूर्ण फिरवून पाहिल्याशिवाय चार विकत घेऊ नका. सर्व्हिस सेंटरने होकार दिला तरच पुढे जा.

प्रश्न : आई मागच्या सीटवर बसते. खराब रस्त्यावर तिचं डोकं डावी-उजवीकडे हेलकावतं आणि नंतर पाठ दुखते. मऊ टायर कोणते घ्यावेत?

डावी-उजवीकडचे हेलकावे टायरने फारसे जात नाहीत. एसयूव्ही उंच असते, वळणावर ती कलू नये म्हणून तिला ताठ स्प्रिंग आणि अँटी-रोल बार देतात. हा बार डाव्या-उजव्या चाकांना एकमेकांशी जोडतो. एक चाक खड्ड्यात गेलं की त्याचा परिणाम दुसऱ्या बाजूलाही पोचतो आणि वरची बॉडी आडवी हलते. आपण जितके उंच बसलेलो, तितकं ते जास्त जाणवतं.

तिला पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधोमध येणाऱ्या सीटवर बसवा. मागच्या चाकांच्या बरोबर वरची सीट सगळ्यात वाईट, आणि तिसरी रांग तर वडीलधाऱ्यांसाठी नाहीच. ती एकटीच असेल तर तिला पुढे बसू द्या. अशा रस्त्यावर वेग कमी करा, हा फुकटचा उपाय कोणी करत नाही. गाडी जुनी असेल तर शॉकअप आणि बुश तपासून घ्या. थकलेल्या शॉकअपची गाडी टायर बदलून सुधारत नाही.

बसलेल्या माणसाचं शरीर उभ्या दिशेने सेकंदाला चार ते आठ वेळा येणाऱ्या कंपनांना सगळ्यात जास्त संवेदनशील असतं, त्यामुळे पाठदुखीत गाडीचा हात असू शकतो. पण पाठदुखीचं निदान मी टायरवरून करणार नाही. दुखणं राहत असेल तर आधी डॉक्टर, मग मेकॅनिक.

प्रश्न : ऑल-टेरेन टायर जाडजूड असतात, त्यामुळे खड्डे कमी जाणवतात, असं ऐकलं.

ऐकलं असेल. त्याच मापाच्या ऑल-टेरेन टायरची साइडवॉल तेवढ्याच उंचीची असते, पण तिची बांधणी जास्त ताठ आणि टायर जास्त जड. दगडाने फाटू नये म्हणून तो तसा बनवलेला असतो. डांबरी रस्त्यावर त्याची खोल नक्षी घोंगावते. कच्च्या रस्त्यावर नेहमी जाणं असेल तर जरूर घ्या. ऑफिसला जाण्यासाठी घेतला असेल तर तो रुबाबासाठी घेतला, असं स्वतःशी तरी मान्य करा.

प्रश्न : इलेक्ट्रिक एसयूव्ही बघतो आहे. २१ इंची चाकं आहेत, पण एअर सस्पेन्शन आहे, त्यामुळे चाकांचा प्रश्न उरत नाही ना?

उरतो, थोडा कमी होतो. एअर सस्पेन्शन बॉडीचं सावकाश डोलणं फार सुंदर सांभाळतं. भरधाव असताना गाडी तरंगल्यासारखी वाटते, आणि टेस्ट ड्राइव्हला तेच दाखवतात. तीक्ष्ण कडेचा खड्डा मात्र आधी टायर आणि रिमलाच भेटतो. तिथे २१ इंच रिमचं वजन आणि पातळ साइडवॉल यांना सस्पेन्शनची हुशारी पूर्ण झाकू शकत नाही. इलेक्ट्रिक गाडी बॅटरीमुळे जड, म्हणून टायरही जास्त भाराचे आणि जास्त दाबाचे. त्याच मॉडेलला १९ इंची चाकांचा पर्याय असेल तर तो बघा. लहान चाकांवर रेंजही सहसा थोडी जास्त मिळते. उत्पादकाच्या तपशीलपत्रात दोन्ही चाकांची रेंज दिली असेल तर ती वाचा.

प्रश्न : रन-फ्लॅट टायर (पंक्चर झाल्यावरही काही अंतर चालणारे) फार कडक आहेत. साधे लावू का?

आराम वाढेल, कारण रन-फ्लॅटची साइडवॉल मुद्दाम जाड ठेवलेली असते. पण अशा गाडीत बहुधा स्टेपनी नसते, तिची जागाही नसते. पंक्चर झाल्यावर काय करणार हे आधी ठरवा. आणि तुमच्या मॉडेलचं सस्पेन्शन त्या टायरला धरून जुळवलेलं आहे का, हे उत्पादकाला विचारल्याशिवाय बदलू नका.

प्रश्न : ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी आहे. पुढचे दोन टायर गोटा झालेत, मागचे बरे आहेत. दोनच बदलले तर?

मॅन्युअलमध्ये परवानगीची मर्यादा दिलेली असते, ती बघा. नव्या आणि झिजलेल्या टायरच्या घेरात फरक असतो, त्यामुळे पुढची आणि मागची चाकं सतत वेगवेगळ्या फेऱ्या मारतात आणि तो फरक मधल्या कपलिंगला किंवा ट्रान्स्फर केसला सोसावा लागतो. काही गाड्यांत ते भाग तापून खराब होतात आणि दुरुस्तीच्या मानाने चार टायर स्वस्त ठरतात. पुढचे गोटा होईपर्यंत अदलाबदल का केली नाही, हा माझा प्रश्न. नक्षी १.६ मिलिमीटरवर आली की टायर संपला, आणि पावसात तर त्याच्या बऱ्याच आधी संपतो.

प्रश्न : गाडी फार चालत नाही. टायर आठ वर्षांचे आहेत, नक्षी नवीसारखी आहे. पण हल्ली गाडी कडक चालते.

रबर वयानेही कडक होतं, चालवा किंवा उभी ठेवा. साइडवॉलवर ‘डीओटी’ (DOT) या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीतले शेवटचे चार आकडे बघा. २३१७ असेल तर टायर २०१७ च्या २३ व्या आठवड्यातला. आठ वर्षांचे टायर नक्षीच्या भरवशावर चालवू नका, आधी जाणकाराकडून तपासून घ्या, आणि भेगा दिसत असतील तर तपासणीचीही गरज नाही. नवे घेताना दुकानात हेच चार आकडे आधी वाचा. ‘नवीन’ म्हणून कित्येक दिवस गोदामात पडलेला माल खपवला जातो.

प्रश्न : स्टेपनी बाकीच्या चाकांपेक्षा लहान आणि बारीक आहे. तिच्यावर गाडी वेगळीच चालते. हे नॉर्मल आहे का?

हो. तिच्यावरच कमाल वेग छापलेला असतो, बहुधा ताशी ८०. तेवढ्यातच टायरच्या दुकानापर्यंत जा. आणि तिच्यातली हवा शेवटची कधी मोजली होती?